गुप्तरोग आणि गुपित

साकीनाक्याच्या चौकातून खैरानी रोडला वळले, की भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक शौचालयांच्या दारांवर ‘गुप्तरोग’ हा शब्द हमखास दिसतो. त्याखाली खात्रीच्या इलाजाची हमी असते आणि एक दूरध्वनी क्रमांक असतो. लोकलच्या डब्यांतही अशीच पत्रके चिकटवलेली असतात. शरीराच्या झाकलेल्या भागाला होणारा रोग तो गुप्तरोग, इतकाच या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु आपल्या समाजात हा शब्द अवयवापाशी थांबला नाही. रोग गुप्त म्हणून रोगी गुप्त, रोगी गुप्त म्हणून उपचार गुप्त, आणि अखेरीस पतिपत्नींमधील सत्यही गुप्त, अशी ही साखळी लांबत गेली. त्या साखळीतील शेवटच्या कडीविषयी येथे विचार करावा, असे आम्ही योजले आहे.

विषय चारचौघांत बोलण्यासारखा नाही, असे काही वाचकांना वाटेल. त्यांच्या संकोचाचा आम्ही आदर करतो. तथापि ज्या प्रश्नाने घरे आतून पोखरली जातात, त्याला केवळ संकोचापोटी कौटुंबिक नियतकालिकाच्या पानांबाहेर ठेवणे हे मेंढपाळाच्या कर्तव्याला धरून होणार नाही. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. धर्मगुरू म्हणून आमच्या कानी जे विश्वासाने घातले जाते, त्यातील काहीही या लेखात येणार नाही. येथे ज्या व्यक्ती येतील त्या विचारासाठी कल्पिलेल्या आहेत; ज्यांची नावे येतील ती सार्वजनिक इतिहासातील आहेत.

प्रश्न असा आहे. एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला जननेंद्रियांवरील हर्पिस आहे. लग्न ठरत आहे. ही गोष्ट होणाऱ्या जोडीदाराला सांगण्याचे नैतिक बंधन आहे काय? असल्यास ते केव्हा पाळावे? आणि जो ऐकतो, त्याच्यावरही काही बंधन येते काय? प्राणघातक रोगाविषयी या प्रश्नांची उत्तरे देणे त्या मानाने सोपे असते, कारण मृत्यूचे भय विवेकाला जागे ठेवते. हर्पिसने सहसा कोणी मरत नाही. तो पुरता बराही होत नाही. अशा मधल्या जागी ‘एवढ्याशा गोष्टीसाठी सोन्यासारखे स्थळ का घालवायचे?’ असे मन स्वतःलाच समजावू लागते. म्हणूनच हा रोग आम्ही विचारासाठी निवडला.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. ‘हर्पिस’ म्हटले की आपल्याकडे अनेकांना नागीण आठवते. नागीण हा वेगळा विकार आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू पुढे उचल खातो, तेव्हा ती उद्भवते. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो विषाणू त्याच कुळातला, पण निराळा. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा तोंडाभोवती वावरतो. तापानंतर ओठाच्या कडेला येणारे फोड त्याचेच असतात, आणि तो जननेंद्रियांवरही येऊ शकतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ या वयातील सुमारे ५२ कोटी माणसांच्या शरीरात हा दुसरा प्रकार होता. म्हणजे या वयाच्या साधारण दर आठ माणसांत एक. पहिल्या प्रकाराचे प्रमाण तर पन्नाशीच्या आतील निम्म्याहून अधिक मानवजातीत आहे. बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे हे ठाऊकही नसते.

सेमिनरीत ग्रीक शिकताना आम्हाला या नावाचे मूळ कळले. ‘हर्पिस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे, आणि तो धातू संस्कृतातील ‘सर्प’ शब्दाचा सख्खा नातलग आहे. मराठी माणसानेही त्याच कुळातील एका विकाराला नागीण म्हणावे, हा योगायोग बोलका आहे. हा सर्प पाठीच्या कण्याच्या तळाशी, मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि अधूनमधून वर येतो. प्रथम झिणझिण्या, मग बारीक फोड, मग दुखरे व्रण. आठ-पंधरा दिवसांत सारे पुन्हा शांत. फोड नसतानाही तो कधी कधी त्वचेवर येऊन जातो आणि जोडीदाराला लागू शकतो. संडासाच्या भांड्यावरून, टॉवेलावरून किंवा एका नळाचे पाणी भरल्याने तो पसरत नाही. असायक्लोव्हिर व तत्सम औषधांनी त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. ही औषधे ज्या संशोधनातून आली, त्यात मोलाचा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र मुळापासून नाहीसे करणारे औषध अद्याप नाही. भिंतीवरील पत्रक जेव्हा ‘जडापासून इलाज’ असे वचन देते, तेव्हा ते खोटे बोलत असते, आणि आमच्या भागातील कारखान्यांच्या गाळ्यांत राबणाऱ्या कामगाराचा आठवड्याचा पगार त्या खोट्यावर खर्च होत असतो.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. त्याच्या वाटेत पहिला अडसर आहे तो रोग आणि पाप यांची गाठ घालण्याचा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू हा प्रश्नच बाजूला सारतो. आपण मात्र दोन हजार वर्षे तोच प्रश्न विचारत आलो आहोत. हर्पिसच्या बाबतीत तो दुप्पट आवेशाने विचारला जातो. वस्तुतः ज्यांना हा रोग आहे, त्यांत नवऱ्याखेरीज कोणालाही न स्पर्शलेल्या स्त्रिया आहेत. अत्याचाराला बळी पडलेली माणसे आहेत. आणि होय, जी खरोखर घसरली व पुढे पश्चात्तापाने परतली, अशीही आहेत. फोडाकडे पाहून या तिघांतील भेद कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मग शेजाऱ्याने तो कशाच्या आधारे सांगावा?

येथे एका भेदाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. पापनिवेदनाच्या संस्कारात पापाची क्षमा होते. विषाणू तेथेच राहतो. ज्याला क्षमा मिळाली त्याचे पाप देवाने पुसून टाकले, आणि पुसलेली पाटी पुन्हा वाचून दाखवण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही. परंतु शरीराची आजची स्थिती हा गतकाळ नव्हे. ज्याचे शरीर त्या शरीराशी जोडले जाणार आहे, त्याच्याशी तिचा थेट संबंध येतो. म्हणून जोडीदाराला देणे लागतो ते आजाराचे सत्य. गतआयुष्याचा पाढा वाचणे हे त्या देण्यात येत नाही. कोणासोबत, कोठे, किती वेळा, ही चौकशी देवाच्या क्षमेत हस्तक्षेप करणारी आहे. ‘मला हा आजार आहे, तो असा पसरतो, त्यावर ही औषधे आहेत’, एवढे सांगणे हे कर्तव्य.

हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळले, की अनर्थ होतो. सांगणारा पापी म्हणून खाली मान घालतो, ऐकणारा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. सांगण्यालाच कबुलीजबाबाचे रूप आल्यावर कोण सांगायला धजावेल? मग मौन हाच शहाणपणा वाटू लागतो. आमच्या मते मौनाचे निम्मे कारण रोग्याचा भ्याडपणा असेल; निम्मे कारण आपण ऐकणाऱ्यांनी तयार केलेले असते.

साकीनाक्यासारख्या वस्तीत या मौनाला आणखी एक कारण आहे. काजूपाडा, मोहिली, जरीमरीच्या चाळींत आणि झोपड्यांत एका खोलीत पाच-सात माणसे राहतात. औषधाची पट्टी ठेवायला स्वतंत्र खण नसतो. फळीवर ठेवावी तर सासू, दीर, भाचा यांपैकी कोणीतरी ती वाचतोच. दवाखान्यात पातळ फळीच्या आड तपासणी चालते आणि बाकावर बसलेल्या शेजारणीला सारे ऐकू येते. पतिपत्नींना दोन वाक्ये निवांत बोलायची तर मेट्रोच्या पुलाखालून चालत जावे लागते. सुखवस्तू माणसाला खाजगीपण आपोआप मिळते. गरिबाला ते मिळत नाही, म्हणून त्याला गुपिताचा आश्रय घ्यावा लागतो. हा भेद लक्षात घेतला पाहिजे. खाजगी गोष्ट योग्य माणसाला सांगता येते. गुपित सर्वांपासून, योग्य माणसापासूनही लपवले जाते. जेथे खाजगीपणच नाही, तेथे एकाला सांगणे म्हणजे साऱ्या चाळीला सांगणे ठरते. लपवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ पाहावे.

योग्य माणसाखेरीज इतरांपर्यंत असे सत्य पोहोचले, की काय घडते याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. हर्पिस आणि एचआयव्ही यांत मोठे अंतर आहे हे ध्यानात ठेवूनच ते सांगतो. १९८९ सालच्या फेब्रुवारीत गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीचा संसर्ग असल्याच्या कारणावरून ताब्यात घेण्यात आले. तो नियमित रक्तदान करणारा होता आणि त्या रक्ताच्या तपासणीतूनच ही गोष्ट बाहेर आली. म्हापशातील एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला चौसष्ट दिवस एकटे डांबून ठेवले गेले. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेली. न्यायालयाने मूळ कायदा वैध ठरवला. डॉमिनिकने पुढे आपल्यासारख्या पीडितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्यास आरंभ केला आणि १९९२ साली तो निवर्तला. ज्याला स्वतःलाच आपल्या आजाराचे नाव नीट उमगले नव्हते, त्याच्याविषयी पोलिसांना, दवाखान्याला आणि गावाला आधी कळले. सत्य होते तेच होते. ते चुकीच्या दाराने गेले, एवढ्यानेच त्याचे हत्यार झाले.

कायद्याने नंतरच्या वर्षांत तोल साधण्याचा प्रयत्न केला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका एचआयव्हीबाधित गृहस्थाची तक्रार आली, की रुग्णालयाने आपली माहिती फोडली आणि आपले लग्न मोडले. न्यायालयाने म्हटले, की रुग्णाच्या गोपनीयतेपेक्षा नियोजित वधूचा स्वतःच्या आरोग्याचा हक्क वरचढ आहे. त्याच निकालात अशा रुग्णाचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचीही विधाने होती. २००२ साली अधिक मोठ्या पीठाने ती विधाने अनावश्यक ठरवली. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली आणि जोडीदाराला खरा धोका असेल तेव्हा डॉक्टरसाठी मर्यादित वाट ठेवली. हर्पिससाठी असा खास कायदा नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनंतर संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून आले. त्याच यादीतील कुष्ठरोग २०१९ साली वगळण्यात आला. औषधांनी आटोक्यात येणाऱ्या रोगापायी कोणाचा संसार मोडू नये, हा त्यामागचा विचार आम्हाला योग्य वाटतो.

ख्रिस्तसभेचा विचार याहून खोल जातो, कारण तिच्या दृष्टीने विवाह हा निव्वळ करार नाही. आपल्या लॅटिन परंपरेत विवाह संस्कार वधूवर स्वतः एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने तेथे उभा असतो. संस्काराचा प्राण आहे संमती. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९८ वे कलम सांगते, की दाम्पत्यजीवनात स्वभावतःच गंभीर बिघाड करू शकणारी एखादी गोष्ट संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली असेल, तर फसवला गेलेला पक्ष करतो तो विवाह वैध ठरत नाही. हर्पिस त्या कलमात बसतो की नाही, हे त्या त्या प्रकरणात धर्मन्यायालय ठरवील. आमचा मुद्दा वेगळा आहे. कलम लागू होवो अथवा न होवो, ज्याला अर्धेच ठाऊक आहे त्याची संमतीही अर्धीच असते. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या प्रवचनमालेत मानवी देहाला स्वतःची भाषा असल्याचे प्रतिपादन केले. दाम्पत्यमीलनात देह म्हणत असतो, की मी माझे काहीही हातचे राखले नाही. त्याच क्षणी एक गोष्ट हेतुतः राखून ठेवली असेल, तर तोंडाने अवाक्षर न काढताही खोटे बोलले जाते.

मग सर्वांनाच सर्व सांगत सुटावे काय? मुळीच नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हा विवेक नेमका मांडला: खोटे बोलणे कधीही योग्य ठरत नाही, परंतु सत्य सुज्ञपणे झाकून ठेवणे योग्य ठरू शकते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथही हेच शिकवतो, की ज्याला जाणून घेण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्याचे बंधन कोणावरही नाही. या कसोटीवर हक्कदार कोण? ज्याच्या देहाला धोका आहे तो. सासूला हक्क नाही. नणंदेला नाही. मध्यस्थाला नाही. आणि आम्ही स्पष्टच लिहितो, विवाहाची नोंद करणाऱ्या धर्मगुरूलाही नाही. कोणी सल्ल्यासाठी आपणहून आला तर गोष्ट निराळी.

सांगावे केव्हा, याचे उत्तर स्वातंत्र्याच्या कल्पनेतून निघते. ज्या क्षणापर्यंत दुसऱ्याला खरोखर ‘नाही’ म्हणता येते, त्या क्षणाच्या आत. पहिल्या ओळखीत, चहाच्या कपासोबत ही गोष्ट काढण्याचे कारण नाही; तेव्हा समोरच्याचा विश्वास सिद्ध झालेला नसतो. पण साखरपुडा झाला, हॉलचे पैसे भरले, देवळात नावे पुकारली गेली, गावाहून नातलग निघाले, मग सांगितले, तर ते सांगणे नावापुरते राहते. ऐकणाऱ्याच्या गळ्याला लोकलाजेचा फास बसलेला असतो. म्हणून दोघांची मने जुळली आणि बोलणी पक्की व्हायची आहेत, या मधल्या काळात ही गोष्ट बोलावी. विवाहबाह्य संबंधाविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे. मात्र ती शिकवण ज्याने मोडली, त्याचीही सत्याच्या बंधनातून सुटका होत नाही. एक कर्तव्य मोडल्याने दुसरे माफ होत नसते.

यावर जो आक्षेप येतो, तो हलका नाही. ‘सांगितले तर लग्न होणार नाही, आणि मुलीने सांगितले तर जन्मभर होणार नाही.’ आपल्या समाजात मुलाच्या आजाराला आजार म्हणतात आणि मुलीच्या आजाराला चारित्र्य. हे वास्तव नाकारून तिला धैर्याचा उपदेश करणे हे फार स्वस्त धर्मकार्य होईल. सत्याची किंमत तिला अधिक मोजावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. तरीही दोन गोष्टी तिच्यापुढे ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी, की लपवून मिळवलेल्या संसारात दर वेळी झिणझिण्या सुरू झाल्या की बहाणा शोधावा लागेल, गोळी लपून गिळावी लागेल, आणि जोडीदाराच्या प्रेमाविषयीही मनात शंका राहील, की हे प्रेम माझ्यावर आहे की त्याला दाखवलेल्या माझ्या चित्रावर. दुसरी गोष्ट तिसऱ्या जिवाची. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रीला हा संसर्ग प्रथमच झाला, तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाला होण्याचा धोका मोठा असतो आणि नवजात बाळाला तो जिवावर बेतू शकतो. संसर्ग जुना असेल तर आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाचे बरेच रक्षण करतात. वेळेवर औषधे देता येतात. प्रसूतीच्या वेळी व्रण दिसले तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा मार्ग घेतात. यातील प्रत्येक उपाय कोणीतरी आधी बोलल्यावर अवलंबून आहे. गरोदर पत्नीपासून स्वतःचा आजार लपवणारा नवरा कोणाशी जुगार खेळतो आहे, हे त्याने ओळखावे.

सांगण्याचा उपयोग वैद्यकशास्त्रानेही मोजून पाहिला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांना हा संसर्ग नुकताच झाला होता अशांची पाहणी केली गेली. जोडीदाराने आजाराविषयी आधी सांगितले नव्हते, त्यांच्या बाबतीत संसर्गापर्यंतचा मध्यम काळ ६० दिवसांचा होता; सांगितले होते, त्यांच्या बाबतीत २७० दिवसांचा. २००४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात १,४८४ दाम्पत्यांची व जोडप्यांची पाहणी होती. बाधित जोडीदाराने रोज एक गोळी घेतल्याने संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, असे डॉक्टर सांगतात. निरोधाच्या नैतिकतेचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि दाम्पत्याने त्याविषयी आपल्या धर्मगुरूशी मोकळेपणाने बोलावे. व्रण असताना दूर राहणे, हा उपाय मात्र वैद्यकशास्त्र व धर्म दोघेही सांगतात. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती दाम्पत्यांना काही काळ परस्परसंमतीने दूर राहण्याची मुभा दिली आहे. त्यातील ‘परस्परसंमती’ महत्त्वाची. कारण न सांगता पाठ फिरवून झोपणे याला संयम म्हणत नाहीत. तो दुसऱ्याला अपमान वाटतो. कारण ठाऊक असले, तर तेच आठ दिवस मायेचे होतात. केसांवरून फिरलेला हात, एकत्र म्हटलेली रोझरी, रात्रपाळीहून आलेल्यासाठी झाकून ठेवलेले ताट, यांतही दाम्पत्यप्रेमच असते. शरीरसंबंध हे त्या प्रेमाचे एक वाक्य आहे. तेवढ्यावर सारी भाषा संपत नाही.

जुन्या दाम्पत्यांसाठी एक वेगळी सूचना. लग्नाला बारा-पंधरा वर्षे झाल्यावर एकाला प्रथमच फोड येतात, आणि घरात संशयाचा वणवा पेटतो. येथे वैद्यकीय वस्तुस्थिती संसार वाचवू शकते. हा विषाणू अनेक वर्षे कोणतीही खूण न दाखवता शरीरात राहू शकतो. आज दिसलेला फोड म्हणजे कालच्या बेइमानीचा पुरावा नव्हे. तो लग्नापूर्वीचाही असू शकतो, आणि ज्याला कधीच फोड आले नाहीत त्याच्याकडूनही आलेला असू शकतो. न्याय करण्यास येथे पुरावाच नाही. मग दोघांनी मिळून डॉक्टरकडे जाणे हेच उरते.

आता ऐकणाऱ्याच्या कर्तव्याकडे येऊ, कारण उपदेशाचा सारा भार सांगणाऱ्यावर टाकण्याची आपली रीत आहे. ऐकणाऱ्याला नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे. नकार हे पाप नाही, आणि करुणेपोटी दिलेला होकार विवाहाला पुरत नाही. परंतु नकार दिला तरी जे कानी पडले ते परक्याच्या घरची ठेव आहे. ती आईलाही सांगायची नाही. ‘पत्रिका जुळली नाही’, ‘नोकरी बदलायची आहे’ असली खोटी कारणे देण्याची गरज नाही. ‘आमचे जमले नाही’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. स्थळ मोडल्यावर ज्याने ही ठेव वाटून टाकली, त्याने हर्पिसपेक्षा वेगाने पसरणारा रोग समाजात सोडला. यापुढे त्या वस्तीत कोणीही खरे बोलणार नाही.

यावर काही सज्जन एक सोपा उपाय सुचवतात: लग्नापूर्वी वैद्यकीय दाखला सक्तीचा करावा, म्हणजे कोणाला काही सांगायलाच नको. २००६ साली गोव्यात विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा मानस सरकारने बोलून दाखवला होता. हर्पिसच्या बाबतीत तर हा उपाय वैद्यकीय दृष्ट्याही लंगडा आहे. लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तचाचणीत चुकीचा होकार येण्याचे प्रमाण इतके आहे, की सरसकट तपासणी करू नये, असा अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाचा सल्ला आहे. त्याहून मोठी उणीव नैतिक आहे. दाखला माहिती देईल. पण उद्या आयुष्यात जे येईल, त्या दारूचे, कर्जाचे, कर्करोगाचे सत्य एकमेकांना सांगण्याची सवय दाखला लावू शकणार नाही. ती सवय पहिल्या अवघड वाक्याने लागते.

आपल्या धर्मग्रामाकडून काय व्हावे? विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत या आजारांविषयी एक तास डॉक्टरकडून, लाजेची कुजबुज वगळून, बोलले जावे. शासकीय रुग्णालयांत या रोगांवर मोफत उपचार मिळतात आणि नाव गुप्त ठेवले जाते, हे भिंतीवरच्या पत्रकांआधी आपल्या लोकांना आपल्याकडून कळावे. आणि घर एका खोलीचे आहे म्हणून जे बोलणे अडते, त्यासाठी सभागृहाशेजारची एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उघडी ठेवावी. दोघांनी यावे, दार लावून बोलावे आणि जावे, कोणीही नोंद ठेवू नये.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला हळूच हात लावते. तिचा आजारही त्या काळच्या नियमांनुसार तिला अस्पर्श ठरवणारा, लपवण्याचा. ती बरी होते. पण प्रभू पुढे जात नाही. गर्दी लोटत असते, एका मरणोन्मुख मुलीच्या घरून बोलावणे आलेले असते, तरीही तो थांबतो. ती कापत कापत येते आणि त्याला सारे खरे सांगते. तो ऐकून घेतो आणि तिला कन्या म्हणतो. बारा वर्षे जे तिने कोणाला सांगितले नसेल, ते तिला सांगता आले, कारण ऐकणारा थांबला होता. आपल्या घरांत, एका खोलीच्या घरांतही, एवढे थांबणे जमण्यासारखे आहे असे आम्हाला वाटते.